जाळ्यात आलेला साप : दिवड कोणती, समुद्री साप कोणता?

तापीला पाणी चढलं की जाळ्यात, होडीत, कधी घराच्या ओट्यावरसुद्धा साप येतो. आणि आला की पहिलं काय होतं? वल्हं उचललं जातं. त्यात मरते ती बहुतेकदा बिचारी दिवड.

कॉजवेच्या वर, गोड्या पाण्यात दिसते ती हीच. कोणी विरोळा म्हणतं, आपले गुजराती शेजारी डेंडवू म्हणतात. अंगावर पटासारखे काळे चौकोन, डोळ्यापासून मागे दोन तिरप्या काळ्या रेघा. माणसाला बाधेल असं विष नाही, पण स्वभाव भलताच तापट! धरली की कडकडून चावते, रक्त येतं. चिडली की मान चपटी करून डोकं वर काढते, आणि लोक ओरडतात, "नाग! नाग!"

कॉजवेच्या खाली, भरती-ओहोटीच्या पाण्यात आणि तिवरांच्या चिखलात वेगळे साप भेटतात. एकाचं तोंड कुत्र्यासारखं, डोळे बारीक आणि वरच्या बाजूला. रात्री निवट्या, छोटी मासळी खातो. चिखलावर आडवा आडवा सरकतो. फुरसंही असंच चालतं, म्हणून घाबरायला होतं. याचं विष सौम्य, दातही मागे. माणसाला धोका नाही. दुसरा साप कानशीसारख्या खरखरीत, ढिल्या कातडीचा. तोही बिनविषारी, पण अंगावरच्या पट्ट्यांमुळे समुद्री साप समजून मारला जातो.

आता खरा समुद्री साप. त्याची शेपूट वल्ह्याच्या पात्यासारखी चपटी असते. दिवडीची शेपूट गोल, निमुळती. फरक लांबूनच बघायचा, शेपूट धरून नाही. खरखरीत सापाचीही शेपूट थोडी दबलेली असते, तेव्हा खाऱ्या पाण्यात शंका आली तर विषारीच समजा. जाळं झटकताना हात लांब ठेवा, काठीने उचलून पाण्यात सोडा.

आम्हाला जास्त काळजी वेगळीच वाटते. दिवड चावली की रक्त बघून अख्खी वस्ती धावते. समुद्री साप चावला तर दुखत नाही म्हटलं तरी चालेल, सूजही फारशी नाही. खलाशी म्हणतो, "काही नाही, काटा लागला," आणि पुन्हा मासळी निवडायला बसतो. अर्ध्या तासाने, कधी काही तासांनी अंग दुखायला लागतं, मान-जबडा आखडतो, पापण्या जड होतात, लघवी काळपट होते. तोवर होडी किनाऱ्यापासून लांब असते.

म्हणून तांडेलांनो, समुद्रात साप चावला तर दुखत नसलं तरी होडी लगेच वळवा. हातातली अंगठी, कडं काढा, हात फळीला बांधून स्थिर ठेवा, माणसाला चालवू नका. चिरा देणं, चोखणं, करकचून दोरी बांधणं नको. भगताकडे वेळ घालवू नका. किनाऱ्यावर १०८ आधीच बोलावून ठेवा. डॉक्टरांना "समुद्री साप" हे स्पष्ट सांगा, कारण आपल्याकडचं नेहमीचं सर्पविषाचं औषध नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांसाठी बनतं. समुद्री सापाच्या विषात श्वास आणि किडनी सांभाळावी लागते, म्हणून मोठंच हॉस्पिटल गाठायचं.

आणि हो, दिवड चावली तरी जखम साबणाने धुवा, धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या. साप नीट ओळखता आला नसेल तर डॉक्टरांना दाखवाच.