मुलगी नाटक शिकणार म्हणते!

बारावीचे वर्ष जवळ आले की घरोघरी जी खलबते सुरू होतात, त्यांचे विषय ठरलेले असतात. इंजिनिअरिंग, मेडिकल, कॉमर्स, फार तर वकिली. आमच्या कन्यारत्नाने मात्र जेवणाच्या पानावर जाहीर केले, "बाबा, मी नाटक शिकणार." नुसते 'करणार' म्हणाली असती तर मी हसून पुढचा घास घेतला असता. मराठी घरात नाटक कोण करीत नाही? गणेशोत्सवात मीही दोनदा हवालदार झालो आहे. पण 'शिकणार' म्हटल्यावर फी आली, वसतिगृह आले, आणि बापाची झोप गेली.

थोरल्या बंधूंनी लगेच निकाल दिला. "आधी पदवी, मग नाटकं." पुरावाही तयार होता. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे डॉक्टर, काशीनाथ घाणेकर दातांचे, जब्बार पटेल लहान मुलांचे, मोहन आगाशे मनोविकारांचे. सतीश आळेकर जीवरसायनशास्त्राचे पदवीधर. "यातला कोण गेला होता रे नाटकाच्या कॉलेजात?"

प्रश्न बिनतोड वाटतो खरा. पण ही मंडळी शिकली कुठे, हे पाहिले की त्यातली हवा जाते. पुण्याच्या मेडिकल कॉलेजातली नाटके, भालबा केळकरांची 'प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन', आणि पटेल-आगाशे-आळेकरांच्या बाबतीत 1973 साली निघालेली 'थिएटर अकॅडमी' या त्यांच्या शाळाच होत्या. दारावर तशी पाटी नव्हती, इतकेच. वर्षानुवर्षे रोज संध्याकाळी तालीम केली, तर शिक्षणच होते ते.

त्याहून मागे जा. नारायण राजहंस, म्हणजे आपले बालगंधर्व, 1905 साली किर्लोस्कर मंडळीत गेले ते सतराव्या वर्षी. आमच्या हिचे वयही तेच! तालमीला गोविंद बल्लाळ देवल, गाणे शिकवायला भास्करबुवा बखले, आणि राहणे-जेवण मंडळीतच. आज लाखभर रुपये मोजून तरी असे गुरू एका छपराखाली मिळतील का? त्या मंडळ्या गेल्या, म्हणून ही कॉलेजांची शोधाशोध.

शोधाशोध करताना पहिली गोष्ट समजली ती ही, की बारावीनंतर कुठे जाता येते आणि पदवीनंतर कुठे, याचीच बहुतेक घरांत गल्लत असते. दिल्लीचे राष्ट्रीय नाट्य विद्यालय 1959 पासून चालू आहे, आपल्या पुण्याच्या रोहिणी हट्टंगडी तिथल्याच. अभ्यासक्रम तीन वर्षांचा, वर विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती. हे ऐकून सौ. हरखली. पण तिथे पदवी लागते, नाटकांत प्रत्यक्ष काम केल्याचा अनुभव लागतो, आणि साऱ्या देशातून तीसेक मुले घेतात. मुंबई विद्यापीठाची कलिन्याची 'अकादमी ऑफ थिएटर आर्ट्स' 2003 सालची, तिथला एम. ए. सुद्धा पदवीनंतरचाच. म्हणजे बंधूंची 'आधी पदवी' निम्मी खरी ठरली! कसली पदवी, एवढाच वाद उरला.

बारावीनंतर नाटकातच पदवी घ्यायची तर पुणे विद्यापीठाचे ललित कला केंद्र आहे. 1987 साली निघालेल्या या केंद्राला लोक 'गुरुकुल' म्हणतात. आळेकरांनी अनेक वर्षे ते सांभाळले. आमच्या हिच्या दृष्टीने मोठी सोय अशी की संगीत, नृत्य आणि नाटक तिन्ही शाखा तिथे शेजारी-शेजारी. ही गाते बरी, नाट्यपदांचे वेडही आहे. पण एक सांगून ठेवतो. नाटकाच्या शाखेत गाणे शिकवतात ते नटाच्या गरजेपुरते. उभे राहून, अभिनय करीत, प्रेक्षकांच्या 'वन्स मोअर'ला पुरून उरेल असे पद म्हणायचे असेल तर पहाटेचा रियाझ आणि स्वतःचा गुरू याला पर्याय नाही. छत्रपती संभाजीनगरला मराठवाडा विद्यापीठाचा नाट्यशास्त्र विभाग आहे, बडोद्यालाही नाटकाची पदवी मिळते. त्यांचीही माहिती आम्ही काढली.

मधल्या काळात एका खाजगी अभिनय-वर्गाचेही दर्शन घेतले. भिंतीभर मालिकांतल्या ताऱ्यांचे फोटो. चालकांनी तीन महिन्यांत 'कॅमेऱ्यासमोर उभे' करण्याचे वचन दिले आणि पैशांचा आकडा कागदावर लिहून, घडी करून माझ्या हाती ठेवला. मी विचारले, "इथे नाटक कितीदा बसवता?" गृहस्थ म्हणाले, "नाटकाला आता कोण विचारतो?" आम्ही चहा पिऊन उठलो.

माझ्या मते विचारायचा प्रश्न मात्र हाच. किती नाटके बसतात, आणि ज्या नाटकात मुलीला काम नाही त्यात ती काय करते? दिवे टांगते का, कपड्यांना इस्त्री करते का, दुसऱ्याची वाक्ये धरून बसते का? माजी विद्यार्थ्यांतली चार नावे कोणीही सांगेल. त्यापेक्षा शेवटच्या वर्षाच्या मुलांचा प्रयोग मागच्या रांगेत बसून पाहावा. शब्द तुमच्यापर्यंत आला, तर शिकवणारे बरे आहेत असे समजावे.

पोटाचा प्रश्न उरतोच. मुख्य भूमिका सगळ्यांना मिळत नाहीत, हे मी तिला स्पष्ट सांगितले. ती म्हणाली, "बाबा, प्रकाशयोजना आहे, डबिंग आहे, शाळांतून नाटक शिकवणं आहे." यादी तिने आधीच केली होती! आजीने तेवढ्यात विचारले, "आणि लग्न?" त्यावर घरात कोणीच बोलले नाही.

सध्याची तडजोड अशी. पहिला अर्ज ललित कला केंद्राचा. तिथे नंबर लागला नाही, तर पुण्यातच साधे बी. ए., पण ज्या कॉलेजचा संघ पुरुषोत्तम करंडकात नेमाने उतरतो अशाच कॉलेजात. 1963 पासून चाललेल्या या एकांकिका स्पर्धेसाठी पोरे पावसाळाभर तालमी करतात. बंधूंना पदवी मिळेल, हिला तालीम मिळेल. पुढे दिल्लीचे दार मोकळे आहेच.

तूर्त ती रोज उताऱ्यांचे पाठांतर करते आहे. शेजारचे जोशी परवा विचारून गेले, "काय हो, घरात एवढं भांडण कोणाचं चाललंय?"