समोरच्या गाडीचा विमा कोणाकडे?

• सुरुवात नंबर प्लेटपासून. एमएच-१८ धुळे, एमएच-१९ जळगाव. क्रमांक 'एमपरिवहन' ॲपवर टाकला की विमा कंपनी आणि मुदत दिसते. पाहायची ती अपघाताच्या दिवशीची पॉलिसी. दुसऱ्या दिवशी घाईने काढलेली नव्हे.

• मोटार वाहन कायदा, १९८८. कलम १४६ : थर्ड पार्टी विमा सक्तीचा. कलम १६० : दावेदाराने शुल्क भरून मागितल्यास आरटीओ वा पोलीस ठाण्याने तपशील द्यायचा.

• गाडी विकली, कागद जुन्याच मालकाच्या नावे? थर्ड पार्टी विमा गाडीबरोबर जातो (कलम १५७).

• ठोकून पळालेली गाडी सापडलीच नाही, तर केंद्राच्या २०२२ च्या 'हिट अँड रन' भरपाई योजनेतून मृत्यूसाठी २ लाख, गंभीर दुखापतीसाठी ५० हजार रुपये. अर्ज प्रांत किंवा तहसीलदारांकडे.