शेजारचा कुत्रा आणि शेजारधर्म

वैशाखात वर्धा जिल्ह्यातील पारा ४५ अंशांच्या घरात जातो. दिवसभर तापलेल्या भिंती मध्यरात्रीपर्यंत निवत नाहीत. म्हणून आर्वीपासून हिंगणघाटपर्यंत आजही पुष्कळ कुटुंबे गच्चीवर किंवा अंगणात बाजा टाकून निजतात. अशा रात्री शेजारच्या अंगणात बांधलेला कुत्रा अकरा वाजता भुंकू लागला आणि दोन वाजेपर्यंत थांबलाच नाही, तर काय होते ते सांगावयास नको. आजारी माणूस तळमळतो, तान्हे मूल दचकून उठते, पहाटे शेतावर जाणाऱ्याची झोप अपुरी राहते. दुसऱ्या दिवशी कुंपणावरून दोन शब्द बोलले जातात, तिसऱ्या दिवशी चार, आणि आठवडाभरात दोन घरांचे जाणेयेणे बंद पडते.

विषय वरवर पाहता क्षुल्लक वाटतो. परंतु बांधाचे, सांडपाण्याचे आणि कोंबड्या-कुत्र्यांचे तंटे हेच पुढे पोलीस ठाण्याची व न्यायालयाची पायरी चढतात, हा आपल्या गावोगावचा अनुभव आहे. यास्तव या प्रश्नाकडे शांतपणे पाहणे आणि त्यावर कोणते उपाय उपलब्ध आहेत हे जाणून घेणे उपयुक्त ठरेल.

कुत्रा का भुंकतो?

कुत्रा हा लांडग्याच्या कुळातील प्राणी होय. परंतु प्रौढ लांडगा क्वचितच भुंकतो, कुत्रा मात्र वारंवार भुंकतो. माणसाच्या सहवासात हजारो वर्षे राहून त्याने ही भाषा वाढविली, असे प्राणिशास्त्रज्ञ मानतात. हंगेरीतील संशोधकांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात लोकांना केवळ ध्वनिमुद्रित भुंकणे ऐकविले. ज्यांनी कधी कुत्रा पाळला नव्हता त्यांनाही तो कुत्रा परक्यावर भुंकत आहे, एकटेपणाने भुंकत आहे की खेळात भुंकत आहे, हे बऱ्याच अंशी ओळखता आले. म्हणजे कान देऊन ऐकल्यास कारणाचा माग लागू शकतो.

सेलू तालुक्यात बोर अभयारण्य आहे. २०१४ मध्ये त्यास व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला. त्या परिसरातील गावांत कुत्र्याचे भुंकणे हा पुष्कळदा इशाराच असतो. रानडुक्कर शेतात शिरले, रोही पिकात आले, बिबट्या गोठ्याजवळ फिरकला, तर प्रथम कुत्राच सांगतो. असे भुंकणे थोड्या वेळाने थांबते आणि त्याबद्दल कोणी तक्रारही करीत नाही.

त्रास होतो तो दुसऱ्या प्रकारच्या भुंकण्याचा. आखूड साखळीने दिवसरात्र बांधलेला, रस्त्याकडे तोंड करून बसविलेला, ज्याच्याशी कोणी बोलत नाही असा कुत्रा येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकावर भुंकतो. माणूस पुढे निघून जातो. आपल्या भुंकण्यानेच तो गेला असा कुत्र्याचा समज होतो आणि सवय पक्की होत जाते. मालकाने आतून ओरडल्यास धनीही आपल्यासवे भुंकत आहे असेच त्याला वाटत असावे, कारण त्याने भुंकणे थांबत नाही. तहान, ऊन, गोचिडांचा उपद्रव, कानाचे दुखणे आणि उतारवयातील बहिरेपणा ही अन्य कारणे होत. कुत्र्याचा आवाज एकाएकी बदलून घोगरा झाला, लाळ गळू लागली किंवा वागणूक विचित्र झाली, तर मात्र ते पिसाळल्याचे लक्षण असू शकते. अशा वेळी त्याच्या जवळ न जाता तातडीने पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे.

भिंतीपलीकडचा अनुभव

प्रस्तुत लेखक काही वर्षांपूर्वी वर्धा शहरात भाड्याच्या घरात राहत असता त्यास हा अनुभव आला. मातोश्री शस्त्रक्रियेनंतर घरी आलेल्या, दिवस उन्हाळ्याचे आणि शेजारचा कुत्रा रात्रभर भुंकणारा. तिसऱ्या रात्री लेखकाने गच्चीवरून शेजाऱ्यास नको ते शब्द ऐकविले. तिकडूनही तशीच उत्तरे आली. पुढे दोन महिने बोलणे बंद होते आणि भुंकणे चालूच होते.

एके दुपारी लेखकाच्या पत्नीने कुंपणापलीकडे पाहिले, तेव्हा साखळीचे वेढे खांबास पडून ती वीतभर उरली होती आणि पाण्याचे भांडे कुत्र्याच्या आवाक्याबाहेर कोरडे पडले होते. शेजाऱ्याने नवे दुकान घातले होते. घरातील सर्वजण सकाळी जात ते रात्री दहाला परतत. पत्नीने भांडे भरून ठेवले आणि सायंकाळी त्यांच्या घरी जाऊन एवढेच म्हटले, "वहिनी, तुमचा कुत्रा दुपारी फार तळमळतो. आमच्या आईंनाही रात्री झोप नाही. काही करता येईल का?" दोन महिन्यांच्या भांडणाने जे झाले नव्हते ते त्या प्रश्नाने झाले. कुत्रा मागच्या अंगणात कुंपणाच्या आत मोकळा राहू लागला. मोठा मुलगा सकाळ-संध्याकाळ त्यास फिरवून आणू लागला. भुंकणे सर्वस्वी बंद झाले नाही, परंतु रात्री झोप येण्याइतके कमी झाले.

या प्रसंगातून एक गोष्ट लेखकाच्या मनावर ठसली. शेजाऱ्याची तक्रार आणि कुत्र्याची तक्रार पुष्कळदा एकच असते.

मालकाचे कर्तव्य

कायदाही हेच सांगतो. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा अधिनियम, १९६० याच्या कलम ११ नुसार जनावरास अवाजवी आखूड किंवा जड साखळीने अवाजवी काळ बांधून ठेवणे हा अपराध आहे. नेहमी बांधून किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्यास पुरेसे हिंडू-फिरू न देणाऱ्या मालकाचा त्याच कलमात वेगळा उल्लेख आहे. पुरेसे अन्न, पाणी व निवारा न देणे हाही अपराधच होय.

ज्या जिल्ह्यात महात्मा गांधी १९३६ पासून सेवाग्रामी राहिले, तेथे त्यांच्या एका जुन्या वादाची आठवण अप्रस्तुत ठरणार नाही. १९२६ मध्ये अहमदाबादच्या एका गिरणीमालकाने आवारातील भटकी कुत्री मारविली, तेव्हा मोठा गदारोळ उठला. त्यावर 'यंग इंडिया'त गांधीजींनी लेखमाला लिहिली. त्यांची काही मते आज सर्वांना मान्य होतील असे नाही. पण जबाबदारी न घेता नुसती भाकरी टाकणे ही खरी दया नव्हे आणि कुत्रा असेल तर त्याला धनीही असला पाहिजे, हा त्यांचा आग्रह आजही विचारात घेण्याजोगा आहे. पाळणे म्हणजे दाराशी बांधणे नव्हे.

मालकाने करावयाच्या गोष्टी फारशा खर्चाच्या नाहीत. कुत्र्यास रोज दोन वेळा फिरवून आणावे. रस्ता दिसणार नाही अशा जागी सावलीत ठेवावे व पाणी भरपूर द्यावे. रात्री शक्य तर घरात किंवा पडवीत घ्यावे. तो गप्प राहिला की त्यास शाबासकी किंवा खाऊचा तुकडा द्यावा, भुंकत असता देऊ नये. तोंड बांधून ठेवण्याचा उपाय मात्र कदापि करू नये. कुत्रा मुख्यतः धापा टाकूनच अंगातील उष्णता बाहेर टाकतो. विदर्भाच्या उन्हाळ्यात तोंड घट्ट बांधल्यास त्याचा जीव जाऊ शकतो. सवय सुटत नसल्यास जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवावे, म्हणजे दुखणे असेल तर तेही कळून येईल.

गावातच निवाडा

समजावून सांगूनही मालक ऐकत नसेल तर? प्रथम एक वही करावी. तारीख, भुंकणे सुरू झाल्याची व थांबल्याची वेळ आठ-पंधरा दिवस लिहून ठेवावी. रागाच्या भरात "रात्रभर भुंकतो" असे म्हटले जाते, वहीत कदाचित दीड तास निघतो. त्यामुळे तक्रार खरी राहते आणि कारणही ध्यानात येते.

खेड्यात गावातील वडीलधारी मंडळी, सरपंच व पोलीस पाटील यांच्यासमोर गोष्ट ठेवावी. राज्य शासनाने १५ ऑगस्ट २००७ पासून महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम राबविली. गावातील तंटे गावातच, सामोपचाराने मिटावेत हा तिचा हेतू होता. ज्या गावी तंटामुक्त समिती काम करीत आहे तेथे असा वाद तिच्याकडे नेता येतो. शहरात हेच काम गृहनिर्माण संस्थेची समिती करू शकते. मात्र बहुमताने ठराव करून कुत्रा पाळण्यासच बंदी घालता येत नाही, असे भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. आपल्या प्राण्याचा इतरांना उपद्रव होऊ नये याची काळजी घेण्याचा सल्ला त्याच सूचनांनी मालकांनाही दिला आहे.

त्यापुढची पायरी म्हणजे विधी सेवा प्राधिकरण. १९८७ च्या अधिनियमान्वये प्रत्येक जिल्ह्यात असे प्राधिकरण असते. दावा दाखल होण्यापूर्वीचे वादही लोक अदालतीपुढे ठेवता येतात. तेथे झालेली तडजोड दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याइतकीच बंधनकारक असते. विधी सेवेचा मदत क्रमांक १५१०० हा आहे.

कायद्याची वाट

एवढ्यानेही भागले नाही, तर कायद्याचे दार उघडे आहे. भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून अमलात आली. तिच्या कलम २७० अन्वये परिसरात राहणाऱ्या सर्वसाधारण लोकांना त्रास होईल असे वर्तन म्हणजे सार्वजनिक उपद्रव होय आणि कलम २९२ अन्वये त्यास एक हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. येथे 'परिसरातील लोक' हे शब्द महत्त्वाचे आहेत. एकाच घराला त्रास होत असेल, तर तो खाजगी उपद्रव ठरतो आणि त्यासाठी दिवाणी न्यायालयातून मनाई हुकूम मागावा लागतो. म्हणून गल्लीतील चार-पाच घरांनी मिळून केलेल्या लेखी अर्जाचे वजन अधिक असते. ध्वनिप्रदूषण नियम, २००० यांनी निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ या वेळेसाठी ४५ डेसिबल ही मर्यादा ठरविली आहे. ती परिसरातील एकूण आवाजाची असली, तरी रात्रीच्या शांततेस कायदा किती मोल देतो हे तीवरून दिसते.

हे सर्व मालकाच्या पाळीव कुत्र्याविषयी झाले. मोकाट कुत्र्यांचे निर्बीजीकरण व लसीकरण ही २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांप्रमाणे स्थानिक संस्थांची जबाबदारी आहे. त्यांच्याबाबत नगरपरिषद किंवा ग्रामपंचायतीकडे अर्ज करावा.

एक वाट मात्र कोणीही धरू नये. त्रासलेला माणूस कधी कधी रात्री विषारी तुकडा कुंपणावरून टाकतो. जनावरास विष घालणे किंवा ठार मारणे हा न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली गुन्हा असून त्यास पाच वर्षांपर्यंत कारावासाची शिक्षा होऊ शकते. शिवाय तो तुकडा कोणाच्या गाई-वासराच्या किंवा अंगणात खेळणाऱ्या बालकाच्या हाती पडेल याचा नेम नसतो. दगड मारल्यानेही कुत्रा गप्प होत नाही, तो अधिकच भुंकतो.

उपायांची ही शिडी पायरी-पायरीने चढावयाची आहे. कायदा वरच्या पायरीवर आहे आणि तो तेथे आहे म्हणूनच खालच्या पायरीवरील बोलण्याला वजन येते. परंतु निकाल कोणाच्याही बाजूने लागला तरी कुंपण तेथेच राहते आणि त्याच्या दोन्ही बाजूंना तीच दोन कुटुंबे नांदावयाची असतात. तेव्हा आज रात्री झोपमोड झाली, तर उद्या सकाळी डोके निवल्यावर शेजाऱ्याच्या दारी जावे. आणि आपल्याच दारी कुत्रा असेल, तर शेजाऱ्याने येण्याची वाट न पाहता आज सायंकाळीच त्याची साखळी सोडून त्यास फिरावयास न्यावे.