पडदा कोणाच्या पैशाने?

उत्तर कोलकात्यात, बागबाजारला ‘मराठा डिच लेन’ नावाची गल्ली आहे. 1742 मध्ये बर्गींच्या, म्हणजे आपल्याच नागपूरकर भोसल्यांच्या स्वारांच्या धास्तीने तिथल्या रहिवाशांनी पदरमोड करून खंदक खणायला घेतला. मराठे तिथवर पोचलेच नाहीत आणि खंदक अर्धवट राहिला.

पदरमोडीची ही परंपरा बागबाजारने पुढे नाटकातही चालवली. इथल्या हौशी पोरांच्या मंडळीतून ‘नॅशनल थिएटर’ उभं राहिलं आणि 7 डिसेंबर 1872 रोजी जोडासांकोत ‘नीलदर्पण’ तिकीट लावून झालं. निळीच्या मळेवाल्या गोऱ्यांचा जुलूम मांडणारं हे दीनबंधू मित्रांचं नाटक. मंडळीतल्याच गिरीशचंद्र घोषांचं इतरांशी बिनसलं ते सरकारच्या भीतीने नव्हे, तर तिकीट विकणं त्यांना पटलं नाही म्हणून! भीतीला कारण मात्र होतं: सरकारने 1876 मध्ये नाटकांवर अंकुश ठेवणारा कायदाच आणला.

सिनेमात हा पैशाचा प्रश्न अधिकच बोचतो. 1947 मध्ये सत्यजित राय, चिदानंद दासगुप्त वगैरेंनी कलकत्ता फिल्म सोसायटी काढली आणि सुरुवात केली ती आयझेन्स्टाइनच्या ‘बॅटलशिप पोटेमकिन’ने. चित्रपट बंडखोर खलाशांचा, प्रेक्षक मात्र वर्गणी भरणारे सभासद. फिल्म सोसायट्यांची ही चळवळ मोठी खरी, पण तिने जाणकार घडवले. ज्यांच्यावर सिनेमा होता ते दाराबाहेरच राहिले, असं माझं मत आहे. ‘कलकत्ता 71’ करणाऱ्या मृणाल सेनांनाही हे कोडं पुरतं सुटलं नाही.

अर्जेंटिनात सोलानास आणि हेतिनो यांनी 1968 मध्ये ‘द अवर ऑफ द फर्नेसेस’ केला. लष्करी राजवटीत तो घराघरांत चोरून दाखवला जाई. मध्येच प्रोजेक्टर थांबवायचा, दिवे लावायचे, लोकांनी बोलायचं, मग पुढचं रीळ. ही थांबण्याची जागा चित्रपटातच ठेवलेली होती!

आपल्याकडे त्या वळणावर आनंद पटवर्धन गेले. ‘राम के नाम’ दूरदर्शनवर यावा म्हणून त्यांना कोर्टाची पायरी चढावी लागली. ‘जय भीम कॉम्रेड’ तर चौदा वर्षं बनत होता. त्याची सुरुवात अशी: 11 जुलै 1997 रोजी घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा जण गेले. शाहीर विलास घोगरे यांनी चारच दिवसांनी गळफास घेतला. तीन तासांहून लांब असलेला हा माहितीपट वस्त्यांमध्ये उघड्यावर दाखवला गेला. घोगऱ्यांचं गाणं त्यांच्याच माणसांपर्यंत पोचलं. या सिनेमाला याहून मोठा पुरस्कार नाही.

2006 मध्ये गोरखपुरात संजय जोशी आणि साथींनी ‘प्रतिरोध का सिनेमा’ ही चळवळ सुरू केली. कोलकात्यात 2013 मध्ये पीपल्स फिल्म कलेक्टिव्ह स्थापन झालं आणि पुढच्याच वर्षापासून त्याचा महोत्सव भरू लागला. कंपनीचा प्रायोजक नाही, सरकारी अनुदान नाही आणि प्रवेशाला तिकीटही नाही. खर्च लोकांच्या देणग्यांतून. कस्तुरी बसू, द्वैपायन बॅनर्जी ही मंडळी खेडोपाडी, छोट्या गावांतही पडदा घेऊन जातात. गिरीशचंद्रांना हे पाहून बहुधा समाधान वाटलं असतं.

मुंबई-पुण्यात महोत्सव कमी नाहीत, पण पासावर छापलेली प्रायोजकांची नावं वाचली की कोणता माहितीपट तिथे लागणार नाही, याचा अंदाज येतो. तुमच्या गावात असा पडदा बांधायचा असेल, तर पाहुण्यांची यादी नंतर करा. आधी वर्गणीची वही उघडा.