डोंगलची जोडणी आणि घरबसल्या सातबारा

जमिनीच्या कागदांवर नजर ठेवणे हे उभ्या पिकाची राखण करण्याइतकेच अगत्याचे आहे, हे खातेदारास सांगावयास नको. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ हिच्या कलम १५० प्रमाणे फेरफाराची नोंद झाली की तिची नोटीस चावडीवर लागते, हितसंबंधी इसमांस कळविण्यात येते आणि हरकत घेण्यास पंधरा दिवसांची मुदत असते. मुदत टळली म्हणजे पुढे अपिलाचा खर्च व हेलपाटे पदरी येतात. अलीकडे ही नोटीस ‘आपली चावडी’ या सरकारी संकेतस्थळावरही पाहता येते. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबाराही मिळू लागला असून त्याची प्रत १५ रुपयांस पडते. तेव्हा ज्याच्या घरी इंटरनेट आहे, त्यास निमसोड किंवा कातरखटावहून केवळ नोटीस पाहण्यासाठी वडूजला येण्याचे कारण उरत नाही.

परंतु वस्तीवर तार पोहोचत नाही, तेथे काय करावे? अशा ठिकाणी मोबाइल कंपनीचे सिमकार्ड घालून संगणकास लावावयाचा छोटा मोडेम उपयोगी पडतो. यासच कोणी डोंगल, कोणी नेटसेटर म्हणतात. घरात जुना संगणक असेल तर नवा घेण्याची गरज नाही. विंडोज १० या प्रणालीचा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, म्हणून पुष्कळांनी आपले संगणक अडगळीत टाकले. त्यांवर लिनक्स ही मुक्त प्रणाली चांगली चालते. ती विकत घ्यावी लागत नाही व मराठीही दाखविते. आपल्या सीडॅक या सरकारी संस्थेनेही डेबियनच्या पायावर ‘बॉस’ नावाची अशीच प्रणाली तयार केली आहे. मात्र डोंगलसोबत येणारी जोडणीची सामग्री बहुधा विंडोजसाठीच असते. त्यामुळे लिनक्सवर डोंगल चालत नाही, असा समज पसरला आहे. तो खरा नाही.

अडचणीचे मूळ एकाच गोष्टीत आहे. डोंगल संगणकास लावला की तो आरंभी मोडेम म्हणून पुढे येत नाही, सीडीची तबकडी म्हणून येतो. विंडोजची सामग्री आपोआप हाती यावी म्हणून कंपन्यांनी ही युक्ती केलेली असते. लिनक्सला ती सामग्री नको असते. डोंगलने तबकडीचे सोंग टाकावे, एवढेच त्यास हवे असते. हे काम ‘यूएसबी मोडस्विच’ नावाचा छोटा प्रोग्राम करतो आणि बहुतेक प्रणालींत तो आधीच असतो.

सोंग उतरले की नाही, हे पाहण्याची रीत सोपी आहे. टर्मिनल उघडून एल, एस, यू, एस, बी ही पाच इंग्रजी अक्षरे लहान लिपीत, मध्ये जागा न सोडता लिहावी व एंटर दाबावे. जोडलेल्या प्रत्येक वस्तूचा दुहेरी क्रमांक दिसेल. हुआवेच्या जुन्या डोंगलांत तो आधी १२डी१:१४४६ असा असतो व सोंग उतरल्यावर १२डी१:१००१ असा होतो. पहिला भाग कंपनीचा, दुसरा यंत्राच्या रूपाचा. महसुली भाषेत म्हणावयाचे तर गट नंबर तोच राहिला, हिस्सा नंबर बदलला. हिस्सा बदलला नसेल तर वरील प्रोग्राम बसवून घ्यावा. तो उतरवून घेण्यास इंटरनेट लागते. ते एक वेळ मोबाइल फोन यूएसबी तारेने संगणकास जोडून, फोनमधील टेदरिंग सुरू करून मिळविता येते.

त्यापुढील कृती येणेप्रमाणे करावी. १. सिमकार्ड प्रथम फोनमध्ये घालून त्याचा पिन काढून टाकावा व डेटाचा रिचार्ज चालू असल्याची खात्री करावी. २. डोंगल लावून अर्धा मिनिट थांबावे. ३. पडद्यावरील नेटवर्कच्या चिन्हावरून मोबाइल ब्रॉडबँडची नवी जोडणी निवडावी, देश भारत व आपली कंपनी दाखवावी. ४. एपीएन, म्हणजे कंपनीच्या जाळ्यात शिरण्याच्या दाराचे नाव, बरोबर असल्याचे पाहावे. बीएसएनएलचे ‘बीएसएनएलनेट’ व जिओचे ‘जिओनेट’ असे असून ते इंग्रजी लहान अक्षरांत, जागा न सोडता लिहावे. ५. वापरकर्त्याचे नाव व परवलीचा शब्द बहुधा रिकामे ठेवावे.

कित्येक नवे ४जी डोंगल स्वतःच लहानसे राउटर असतात. ते संगणकास तारेच्या नेटवर्कसारखे दिसतात व वरील तिसऱ्या-चौथ्या कलमांची गरज पडत नाही. हुआवेच्या अशा डोंगलांत ब्राउझरमध्ये १९२.१६८.८.१ हा पत्ता लिहिला की सर्व मांडणी समोर येते.

खरेदी करताना एक गोष्ट अवश्य पाहावी. स्वस्त मिळतो म्हणून जुना ३जी डोंगल घेऊ नये. एअरटेलने २०१९ पासून ३जी सेवा बंद करण्यास आरंभ केला आणि जिओची सेवा तर पहिल्यापासूनच ४जीची आहे. अशा डोंगलास लिनक्स अचूक ओळखील, परंतु सिमला जाळे सापडणार नाही व दोष विनाकारण प्रणालीच्या माथी येईल.

डोंगराच्या आडोशास असलेल्या घरात डोंगल यूएसबीच्या वाढीव तारेने खिडकीपाशी न्यावा, बराच फरक पडतो. तार पाच मीटरपेक्षा लांब नसावी, नाहीतर यंत्रास पुरेशी वीज मिळत नाही. प्रणालीची अद्ययावत सामग्री पुष्कळ डेटा खाते, म्हणून ही जोडणी मोजून वापरावयाची आहे, अशी नोंद नेटवर्कच्या सेटिंगमध्ये करून ठेवावी.

हे सर्व फोनवर होतच असता संगणक कशास, अशी शंका निघेल. परंतु फोन मुलाबरोबर पुण्यास जातो, घरचा संगणक घरीच राहतो. सातबारा, आठ-अ व फेरफाराचे उतारे त्यात वर्षवार साठवून ठेवता येतात, हवे तेव्हा छापता येतात आणि दोन सालांचे उतारे शेजारी मांडून वाचता येतात. नजरचुकीने वगळलेले नाव किंवा अकस्मात चढलेला बोजा अशा ताडून पाहण्यातच उघडकीस येतो.

सारांश, डोंगल जोडण्यास मोठ्या विद्येची जरूर नाही. यास्तव प्रत्येक खातेदाराने दर सोमवारी आपल्या गावची चावडी पडद्यावर पाहण्याचा परिपाठ ठेवावा. पंधरा दिवसांची मुदत त्याच्या नजरेआड सरणार नाही.