नाव अटलांटिक, गाव पॅसिफिककडचं!

दोस्तांनो, अमेरिकेचा नकाशा काढा बरं! तिथली कॉलेजं लंबगोल चेंडूचा ‘अमेरिकन फुटबॉल’ खेळतात. पूर्वी शेजारपाजारच्या कॉलेजांचा एक गट असे. पण सामने दाखवण्यासाठी टीव्ही कंपन्या गटांना प्रचंड पैसा देऊ लागल्या आणि कॉलेजं जास्त पैशांच्या गटांत उड्या मारू लागली. २०२४ साली पॅसिफिक किनाऱ्याकडचं स्टॅनफर्ड चक्क ‘अटलांटिक कोस्ट’ गटात गेलं! ‘बिग टेन’मध्ये १८ विद्यापीठं झाली, तर ‘पॅक-१२’मध्ये त्या वर्षी दोनच उरली.

गंमत खरी, पण भुर्दंड कुणाला? पैसा फुटबॉलचा, मात्र व्हॉलीबॉल खेळणाऱ्या मुलींनाही सामन्यांसाठी देशाच्या दुसऱ्या टोकाला जावं लागतं. तिथं घड्याळ तीन तास पुढं! आणि परतल्यावर अभ्यास असतोच की!