फाटकावरचा दरवान आणि रक्तवाढीची गोळी

एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. 'रक्तवाढीच्या गोळ्या घेतल्या की पोटात ढवळतं, शौचाला काळी होते, खडा धरतो. गोळ्या उष्ण पडतात असं सासूबाई म्हणतात. बंद करू का?'

या तक्रारीला आपण फार हलक्यात घेत आलो. 2019-21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातल्या 15 ते 49 वयाच्या 57 टक्के बायकांना रक्तक्षय आहे. पण गरोदरपणात 180 दिवस गोळ्या घेतलेल्या जेमतेम 26 टक्के. पुरवठ्याच्या अडचणी आहेतच. तरी गोळी मध्येच सोडणारीला 'निष्काळजी' ठरवून आपण मोकळे होतो. तिचं पोट काय सांगत होतं, ते विज्ञानाला या शतकात उमगलं.

परळच्या एखाद्या जुन्या गिरणीचं फाटक आठवा. भोंगा झाला, पाळी आत गेली की दरवान फाटक लावून घ्यायचा. मग बाहेर कितीही बदली कामगार उभे राहोत. आपल्या यकृतातून निघणारं हेप्सिडिन नावाचं संप्रेरक हा तसाच दरवान. त्याला इतकं कडक राहावं लागतं, कारण जादा झालेलं लोह बाहेर टाकायची सोयच शरीरात नाही. गिरणीला मागचं दारच नाही म्हणा ना! सारा बंदोबस्त आतड्याच्या फाटकावरच. एरवी दिवसाला एक-दोन मिलिग्रॅम लोह आत गेलं तरी भागतं. आणि आपण एका गोळीतून 60 मिलिग्रॅमचा घोळका पाठवतो. हेप्सिडिन वाढतं, आणि दुसऱ्या दिवशीची गोळी येते तेव्हा फाटक अर्धवट लागलेलंच असतं.

झुरिकच्या संशोधकांनी 2017 साली हे मोजून दाखवलं. लोहाचा साठा कमी असलेल्या बायकांच्या एका गटाला रोज गोळी दिली, दुसऱ्याला एक दिवसाआड. रोजच्या गटात 16.3 टक्के लोह शोषलं गेलं, दिवसाआडच्या गटात 21.8 टक्के. एकच मात्रा सकाळ-संध्याकाळ विभागून दिली, तरी शोषण वाढलं नाही. पुढे रक्तक्षय असलेल्या बायकांमध्येही दिवसाआडची गोळी जास्त शोषली गेली. उरलेलं लोह पोटातून तसंच पुढे सरकतं, आतड्याच्या अस्तराला आणि तिथल्या जिवाणूंना छळतं. काळी शौच ही त्या न शोषलेल्या लोहाचीच खूण, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. मात्र ती डांबरासारखी चिकट असेल तर पोटातल्या रक्तस्रावाची शंका घेऊन लगेच डॉक्टर गाठावा.

गोळीत लोहासोबत फोलिक ॲसिड असतं, आणि त्याची कहाणी याच परळची आहे. ती सांगितल्यावाचून मला पुढे जाववत नाही. ल्युसी विल्स ही इंग्रज डॉक्टर 1928 साली मुंबईत आली. हाफकिन संस्थेत बसून ती गरीब गरोदर बायकांच्या रक्तक्षयाचा शोध घेत होती. त्यांच्या तांबड्या पेशी फुगलेल्या असत. विल्सने जंतू शोधले, मग त्यांची ताटं तपासली, माकडांवर प्रयोग केले. अखेर मार्माइट या यीस्टच्या स्वस्त अर्काने बायका बऱ्या होऊ लागल्या. 1931 साली तिने ते जाहीर केलं. त्यातला घटक कोणता हे तेव्हा माहीत नव्हतं, म्हणून लोक त्याला 'विल्स घटक' म्हणत. तेच हे फोलिक ॲसिड. पुढे ते कारखान्यात बनवणाऱ्या अमेरिकेतल्या चमूचे प्रमुख होते आंध्रचे यल्लाप्रगडा सुब्बाराव. एवढ्या मोठ्या कामाची ही दोन माणसं आपल्या शालेय पुस्तकांत असायला हवी होती. बायकांच्या ताटात काय आहे ते आधी पाहायचं, ही विल्सची रीत तर आज फारच हवी आहे.

तर ताई, गोळी मनाने बंद करू नका. डॉक्टरांना सांगा, 'मला सोसत नाही.' मात्रा कमी करता येते, क्षार बदलता येतो, एक दिवसाआड देता येते. गरोदर असाल तर सरकारी वेळापत्रक रोजचं आहे. त्यात बदल डॉक्टरच करतील. गोळी सकाळी उपाशीपोटी चांगली शोषली जाते, पण मळमळ फार असेल तर थोडं खाऊन घ्या. न घेण्यापेक्षा ते बरं. सोबत लिंबूपाणी चालेल. चहा मात्र तासभर आधी नको, नंतरही नको, आणि कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी. पाकिटावरचा आकडाही नीट वाचा: 200 मिलिग्रॅम फेरस सल्फेटच्या गोळीत प्रत्यक्ष लोह 60-65 मिलिग्रॅमच असतं. अंगावर पित्त उठलं, ओठ सुजले किंवा धाप लागली, तर ते 'न सोसणं' नव्हे, ती ॲलर्जी. मग तडक दवाखाना. घरात थॅलेसेमिया असेल तर रक्त तपासल्याशिवाय लोह घेऊच नका.

आणि हे डबे लहान मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा उंच फळीवर ठेवा. मूठभर गोळ्यांनी लहान मूल दगावू शकतं.